एक काना कमी

माझ्या घरच्या संगणकाने वाहिन्या शोधण्याऐवजी वहिन्या शोधल्या, आणि त्याला एक्केचाळीस सापडल्या.

हे मी तक्रार म्हणून लिहितो आहे. ज्यांना यात गंमत वाटेल त्यांनी ती आपल्यापाशी ठेवावी. सांगलीतल्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका पकडणे हे माझे काम होते आणि निवृत्त झाल्यावरही मी ते सोडलेले नाही. माझ्या नजरेखालून गेलेल्या एकाही लग्नपत्रिकेत 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' यांची अदलाबदल झाली नाही. असा माणूस स्वतःच्या घरात एका कान्यावरून अडकला तर त्याला संताप येणारच.

हा संगणक मी टीव्हीसाठी मुद्दाम आणला होता. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी. ती एकीकडून टीव्हीला आणि दुसरीकडून गच्चीवरच्या अँटेनाला जोडायची. मग ती हवेतल्या वाहिन्या शोधते, त्यांची यादी करते आणि हवा तो कार्यक्रम थांबवून पुन्हा दाखवते. मला थांबवण्यातच रस होता. बातम्यांच्या वाहिन्यांवर खालून जी अक्षरांची पट्टी सरकते तीत तासाला सरासरी नऊ चुका असतात. त्या मी वहीत उतरवून घेतो आणि दर शनिवारी ज्याच्या त्याला पोस्टकार्डाने कळवतो. आजवर एकाचेही उत्तर आलेले नाही. पट्टी फार भरभर सरकते आणि माझे वय सहासष्ट आहे, म्हणून ती थांबवून वाचता यावी एवढीच माझी अपेक्षा होती.

पेटीबरोबर एक माहितीपुस्तिका आली. तिच्यात तेवीस चुका होत्या. त्या मी आधी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तारा जोडल्या. पडद्यावर प्रश्न आला, 'काय शोधायचे?' त्याखालच्या चौकटीत मी 'वाहिनी' असे लिहिले आणि बटण दाबले. पट्टी हळूहळू भरत गेली. सापडल्या सात, सापडल्या एकोणीस, असे आकडे येत होते. वीस मिनिटांनी पडद्यावर वाक्य उमटले, 'शोध पूर्ण. ४१ वहिनी सापडल्या. यादी जतन करायची का?'

मला वाटले, यांच्याकडे काना टाकायचा राहिला. कंपनीची चूक म्हणून मी ती वहीत तारीख घालून उतरवली आणि 'हो' दाबले.

क्रमांक एकवर करंदीकर वहिनी होत्या. मी खणभागात खोली घेऊन राहत होतो तेव्हा त्या शेजारी राहत. त्या पाटावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून चष्म्यातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, भावोजी. वाळलात हो फार."

मी दोनवर गेलो. तिथे माझ्या जुन्या मुख्याध्यापकांच्या पत्नी होत्या. त्यांनी, जेवण झाले का, असे विचारले. तीनवर घाटगे वहिनी होत्या. त्यांनीही तेच विचारले. मग मी एकापाठोपाठ एक बटणे दाबत गेलो. कुणी कणीक मळत होते, कुणी पोथी वाचत होते. क्रमांक बारावर आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या घरच्या मुल्ला वहिनी होत्या आणि त्या शेवयांचा डबा कुणाला तरी वरून काढायला सांगत होत्या. प्रत्येकीला मी दिसत होतो. प्रत्येकीने मला ओळखले. चाळीस जणींपैकी सदतीस जणींनी माझ्या जेवणाची चौकशी केली आणि दोघींनी माझ्या बनियनकडे पाहून तोंड फिरवले. मी घाईने सदरा घातला.

आपण स्वतःच्या घरात बसून वर अपराध्यासारखा सदरा का घालावा, याचा मला अजूनही राग आहे.

पुस्तिकेत अडचणींचे एक प्रकरण होते. त्यात सांगितलेले सर्व उपाय मी केले. पेटी बंद करून दहा मिनिटे थांबलो. चालू केल्यावर करंदीकर वहिनी म्हणाल्या, की बोलता बोलता असे मधेच उठून जाणे तुम्हाला शोभत नाही. आवाज बंद केला, तर त्या हातवाऱ्यांनी बोलू लागल्या आणि ते जास्त समजू लागले. कार्यक्रमपत्रिका उघडून पाहिली. ती अशी होती: क्रमांक एक, सकाळी आठ, चहा व चौकशी. नऊ, निवडणे-टिपणे. अकरा, शेजारच्यांविषयी. दुपारी तीन, शेजारच्यांविषयी, पुनःप्रक्षेपण.

या साऱ्या वहिन्यांच्या नावांपुढे आडनाव होते. फक्त एक्केचाळिसाव्या ओळीत नुसते 'वहिनी' असे लिहिले होते. पुढे शेरा होता, 'सिग्नल कमजोर. कार्यक्रम उपलब्ध नाहीत.' तो क्रमांक मी दाबला नाही. कमजोर सिग्नल पाहून डोळ्यांवर ताण येतो.

मी कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंच्या ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले, की आपली अडचण वाहिनीसंबंधी असल्यास एक दाबा, वहिनीसंबंधी असल्यास दोन दाबा. माझी अडचण वाहिनीसंबंधीच होती, म्हणून मी एक दाबला. आपल्या नावावर एकही वाहिनी नाही, असे सांगून फोन बंद झाला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी मी दोन दाबला आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ मिळाली.

कंपनीचे कार्यालय बसस्थानकामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे बुरांडे नावाचे गृहस्थ बसतात. पन्नाशीचे, शांत, प्रत्येक कागदाचे कोपरे जुळवून ठेवणारे. माझे म्हणणे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. मी चौकटीत जे लिहिले होते ते त्यावर जसेच्या तसे होते. वहिनी. 

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. काना नव्हता.

मी त्यांना स्पष्ट सांगितले, की काना मी दाबला होता, तुमची कळ घट्ट आहे. ते म्हणाले, कळ उमटली की नाही हे पाहायची जबाबदारी दाबणाऱ्याची असते. मी म्हणालो, मी चौतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर त्याची नोंद केली. त्या नोंदीने मला जो अपमान वाटला तो कुणी शिवी देऊनही वाटला नसता. वहीत कंपनीच्या नावावर लिहिलेली चूक माझी होती. मी घरी जाऊन ती खोडणार होतो, पण अजून खोडलेली नाही.

मग मी विचारले, की चुकून वहिनी लिहिले म्हणून संगणकाने वहिन्या शोधाव्यात, हे कुठल्या शहाणपणात बसते?

"आपण जे लिहिता ते आम्ही शोधतो," बुरांडे म्हणाले. "त्यात आमचं डोकं आम्ही घालत नाही. घातलं की तक्रारी येतात."

यादी कशी झाली तेही त्यांनी समजावून सांगितले. मी आयुष्यात ज्या ज्या बाईला वहिनी म्हणून हाक मारली, त्या सगळ्या त्यात आल्या होत्या. ज्या आज हयात आहेत तेवढ्याच. गेलेल्यांसाठी वेगळी पेटी लागते आणि ती सांगलीत मिळत नाही.

यादी रद्द करायचा उपाय होता. दुरुस्तीचा अर्ज होता. त्याच्या मथळ्यातच 'दुरूस्ती' असे दीर्घ छापले होते आणि ते पाहून मला जरा बरे वाटले. अर्ज आठ दिवसांत द्यायचा, म्हणजे चोवीस तासांत वहिन्या जातात आणि वाहिन्या येतात. आठ दिवस उलटले की यादी कायम. एकदा काढलेली वहिनी पुन्हा शोधात सापडत नाही, असेही खाली बारीक अक्षरांत होते. मी लगेच पेन काढले.

बुरांड्यांनी मला थांबवले. अर्जात कलम चार होते: 'यादीतील प्रत्येक वहिनी मी एकदा पाहिली असून तिचा चेहरा स्पष्ट दिसला आहे. न पाहता काढून टाकलेली नाही.' खाली सही.

"एक्केचाळीस तुम्ही लावलेली नाही," ते म्हणाले.

"तिचा सिग्नल कमजोर आहे," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या पडद्यावर काहीतरी उघडले आणि वीज खात्याची नोटीस वाचावी तशा आवाजात वाचून दाखवले. "एक्केचाळीस. केंद्र विटा. सिग्नल बारा वर्षांपूर्वी निघालेला आहे. आंतरदेशीय पत्राने. तुमच्या पत्त्यावर पोचला आणि सातव्या दिवशी तुमच्याच पत्त्यावरून परत आला. तांबड्या शाईत. तेव्हापासून कमजोर." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "उत्तर लिहिलं होतंत का?"

"दुरुस्त्या केल्या होत्या," मी म्हणालो.

"उत्तर?"

मी कागद घेऊन उठलो. हा प्रश्न विचारायचा त्यांना काही अधिकार नव्हता.

आता सांगावेच लागेल. आम्ही शिंपी. आडनाव हावळे. विट्यात बाजारपेठेत आमचे दुकान. माझ्या थोरल्या भावाने सातवीतून शाळा सोडली आणि मशीनवर बसला, म्हणून मी सांगलीत राहून शिकू शकलो. तो लग्न करून वहिनींना घेऊन आला तेव्हा मी नववीत होतो. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. दादा शर्ट शिवायचा आणि वहिनी हाताने काजे करायच्या. माझी पुस्तके त्या काजांतून आली. मी शुद्ध बोलायला लागलो, शुद्ध लिहायला लागलो, आणि सुट्टीत घरी गेलो की सगळ्यांचे नळाचे 'न' बाणाचे 'ण' करत बसायचो. दादा हसायचा. वहिनी गप्प बसून काजे करायच्या.

बारा वर्षांपूर्वी दादा गेला. महिन्याभराने वहिनींचे पत्र आले. त्यांनी आयुष्यात लिहिलेले ते बहुधा पहिलेच पत्र असावे. एका पानात एकोणीस चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि पत्र परत पाठवले. लिहिलेला कागद समोर आला की माझा हात तसाच चालतो, यात वाईट हेतू काही नव्हता. त्यानंतर त्यांचे काही आले नाही. मीही गेलो नाही. चुका दाखवल्याचा राग धरणाऱ्या माणसाकडे आपण कशाला जावे, असे मी बारा वर्षे म्हणत होतो.

घरी येऊन मी एक्केचाळीस दाबले. पडद्यावर करड्या रंगाची खरखर होती आणि तिच्यामागून शिलाई मशीनचा आवाज येत होता. थोडे चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. चेहरा काही दिसेना. चेहरा दिसल्याशिवाय सही करता येत नव्हती, आणि खोट्या मजकुराखाली मी सही करत नाही.

सहा दिवस मी प्रयत्न केले. तारा काढून पुन्हा बसवल्या. टोके घासून घेतली. पेटी कपाटावर ठेवून पाहिली, खिडकीत ठेवून पाहिली. पुस्तिका सांगत होती, की कमजोर सिग्नलसाठी अँटेनाचे तोंड केंद्राकडे करावे. माझ्या अँटेनाचे तोंड कोल्हापूरकडे होते. विटा उत्तरेला. आता मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवली, तर खाली चित्र आले की नाही हे मला कोण सांगणार? मी एकटा राहतो.

हे माझे हाल क्रमांक चाळीसवर शेडबाळे वहिनींच्या लक्षात आले. छापखान्यातले आमचे फोरमन शेडबाळे, त्यांच्या या पत्नी. फार मोठ्या आवाजाच्या. त्या म्हणाल्या, की एक्केचाळीस ही त्यांची अगदी शेजारीण, भिंतीला भिंत, दिवसभर मशीनचा आवाज येतो, पण बाई कधी बोलत नाही. तुम्ही मला लावून ठेवा आणि वर जा, मी कान देऊन सांगते.

त्याप्रमाणे सातव्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. जिन्याचे दार उघडे ठेवले आणि टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा केला. मी अँटेनाची दांडी थोडी फिरवायची आणि खालून शेडबाळे वहिनींनी ओरडायचे. आता घरघर वाढली. आता मशीन स्पष्ट ऐकू येतंय. गेलं. परत आणा. मागं, भावजी, मागं. गल्लीतले लोक गॅलरीत येऊन पाहू लागले. मी आजवर कधी गल्लीत आवाज चढवला नव्हता आणि आता एका परक्या बाईच्या हुकमावर गच्चीत गोल फिरत होतो. मला इतका संताप आला होता की दांडी मी एकदम हिसडली.

"थांबा," खालून आवाज आला. "तिनं दोरा तोडला. दातानं. ऐकू आलं मला. आता हलवू नका."

मी दांडी सुतळीने बांधली, खाली आलो आणि एक्केचाळीस दाबले.

वहिनी मशीनवर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. दुकानाच्या फळीवर दादाची टेप गुंडाळी करून ठेवलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. हातातल्या ब्लाउजाची शिवण शेवटपर्यंत नेली, सुई वर केली, कापड बाजूला ठेवले आणि मग मान वर केली.

"बोला," त्या म्हणाल्या.

मी उभाच होतो. मी त्यांना सांगितले, की एक अर्ज भरायचा आहे आणि त्यात चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे अशी अट आहे.

"दिसला?"

"दिसला."

"मग लिवा."

मी अर्ज वहीवर धरला आणि कलम चारपुढे खूण केली. सहीसाठी पेन टेकवले. पेन पुढे जाईना. वहिनी तशाच माझ्याकडे पाहत होत्या, गिऱ्हाइकाचे माप घ्यायचे असावे तशा. त्या काहीच बोलत नाहीत याचाच मला राग आला. बाकीच्यांपैकी सदतीस जणींनी निदान जेवणाचे तरी विचारले होते.

"त्या पत्रात एकोणीस चुका होत्या," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. मोजल्यात मी."

त्यांनी मशीनचा खण ओढला. बटणांचा डबा बाजूला केला, दोऱ्याच्या रिळांखालून ते निळे पत्र काढले आणि मांडीवर पसरले. माझी लाल शाई मला इथूनही दिसत होती. निळ्यापेक्षा लालच जास्त होते.

"अठरा कळल्या मला," त्या म्हणाल्या. "एक न्हाई कळली. ही. तुमच्या दादांची लई आठवन येती, असं लिवलंय मी. त्या आठवनवर तुमी दोनदा रेघ मारलीया."

"तिथे बाणाचा 'ण' हवा," मी म्हणालो. "आठवण."

त्यांनी ते अक्षर बोटाने दाबून पाहिले. "असंल. पर मला ती बाणाची कधी आलीच न्हाई, भावजी. जवा आली तवा अशीच आली." मग त्या पत्राची घडी घालू लागल्या. "त्यानंतर मी कागदावर त्यांचं नाव लिवलं न्हाई. दुकानाच्या पाटीवर सुदिक दुसऱ्याकडनं लिवून घेतलं. चुकंल म्हणून."

मला लाज वाटली. इतकी वाटली, की मी खाली बसलो. बारा वर्षे मी ज्याला त्यांचा राग म्हणत होतो तो राग नव्हताच. नवरा गेलेल्या बाईने पहिल्यांदा हातात पेन घेतले आणि मी तिच्या हातातून ते काढून घेतले होते. आणि एवढे करून तक्रार मीच करत फिरत होतो.

माफी मागायची मला सवय नाही. मला फक्त माझे काम येते. मी विचारले, "जवळ पेन आहे का?"

"खडू हाय. मापाचा."

"चालेल. त्या शब्दाखाली टिंबं द्या. एकेका अक्षराखाली एकेक."

"आता आनि काय चुकलं?"

"काही नाही. छापखान्यात तशी पद्धत आहे. खाली टिंबं दिली म्हणजे वरची दुरुस्ती रद्द. दुरुस्ती करणाराच चुकला होता. शब्द होता तसाच ठेवायचा."

त्यांनी पत्र पुन्हा उघडले. शिंप्याचा चपटा खडू घेतला आणि कापडावर खूण करावी तशी सावकाश चार टिंबे दिली. आ, ठ, व, न. मग पत्र लांब धरून पाहिले.

"आनि बाकीच्या अठरा?" त्यांनी विचारले.

"बाकीच्या चुकाच आहेत," मी म्हणालो.

त्या हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, दादाचे आणि माझे भांडण लागले की हसायच्या तशाच. चाळीसवरून शेडबाळे वहिनींनी भिंतीवर थाप मारून काय झाले म्हणून विचारले.

आठव्या दिवशी मी कार्यालयात गेलो. बुरांड्यांनी अर्ज घेतला, कोपरे जुळवले आणि वाचला. अर्जात दोन रकाने होते. 'चुकीने लिहिलेला शब्द' या रकान्यात 'वहिनी' असे छापून आले होते. त्या शब्दाखाली मी लाल शाईने तीन टिंबे दिली होती आणि समासात लिहिले होते, 'तसेच ठेवावे.' खाली प्रुफावर करायचो तशी आद्याक्षरांची सही. 'योग्य शब्द' हा रकाना मोकळा होता.

"म्हणजे चूक मान्य आहे," बुरांडे म्हणाले.

"मान्य."

"आणि दुरुस्ती नको."

"नको."

त्यांनी नियमांची पुस्तिका काढून दोन-तीन ठिकाणी पाहिले. असा अर्ज नियमात बसतो, असे त्यांना आढळले. मग त्यांनी शिक्का मारला. शिक्क्यातही 'दुरूस्ती' दीर्घच होती. त्याबद्दल मी त्यांच्या वरिष्ठांना स्वतंत्र पोस्टकार्ड टाकले आहे. माणूस नरम पडला म्हणून दीर्घ उकार ऱ्हस्व होत नाही.

वाहिन्या आता माझ्याकडे येणार नाहीत. बातम्या रोज संध्याकाळी करंदीकर वहिनी सांगतात. तासाला चुका सरासरी नऊच असतात, पण त्यांना थांबवता येत नाही. मुल्ला वहिनींनी शेवया करायची रीत सांगितली आणि ती मी उतरवून घेतली. घरात असतानाही मी आता सदरा घालूनच बसतो.

काल कार्यक्रमपत्रिका उघडली तर ती आपोआप नवी झालेली होती. एक्केचाळिसाव्या ओळीतला कमजोर सिग्नलचा शेरा गेला होता. त्याजागी दोनच कार्यक्रम होते. दुपारी दोन ते सहा, शिवण. संध्याकाळी सहा, आठवन.

मी ते दोनदा वाचले, पेनाला टोपण लावले आणि सहा वाजायच्या आत चहा उरकून खुर्चीत येऊन बसलो.